लाइलसाठी थांबायची जागा

इर्मा टेशबाईंइतकी भाविक बाई अख्ख्या वॉल्डेकमध्ये दिवा घेऊन शोधली तरी सापडली नसती. रविवारी चर्चमध्ये दुसऱ्या बाकावरची कडेची जागा त्यांची. नेब्रास्कातल्या हिवाळ्यात बर्फ गुडघ्याएवढं पडलं तरी ती जागा कधी रिकामी दिसली नाही. आणि त्याच बाईंवर नास्तिकपणाचा ठपका आला. गावाला एकदा काही चघळायला मिळालं की ते खरं आहे का हे कोण बघतो?

बाई सव्वीस वर्षं तिसरीचा वर्ग शिकवत होत्या. नवरा मळणीयंत्रात सापडून गेला, तेव्हा लाइल चार वर्षांचा होता. तो एकुलता एक. पोरगं हुशार, पण बोलताना अडखळायचं. पुढे आईच्याच वर्गात आलं आणि रोज सकाळी झेंड्यापुढे प्रतिज्ञा म्हणताना त्याची गाडी एकाच ठिकाणी अडायची. ‘एक राष्ट्र’ इथपर्यंत ठीक, पुढचा ‘अविभाज्य’ काही केल्या निघायचा नाही. पोरं खिदळायची.

बाईंनी कोणाला रागे भरलं नाही. त्यांनी प्रतिज्ञाच तशी शिकवली. ‘एक राष्ट्र’ म्हटलं की सगळ्या वर्गाने थांबायचं. बाई टेबलावर बोटाने दोनदा टकटक करणार, तेवढ्यात लाइल श्वास घेणार, आणि मग सगळ्यांनी मिळून ‘अविभाज्य’. पोरांना वाटायचं, प्रतिज्ञा म्हणतात ती अशीच. लाइल चौथीत गेला आणि ते थांबणंही त्याच्याबरोबर गेलं.

एकोणीसशे बावन्नच्या ऑक्टोबरात सैन्याची तार आली, लाइल कोरियाच्या युद्धात पडल्याची. लाइल एकवीस वर्षांचा होता.

बाई तिसऱ्या दिवशी शाळेत हजर. छातीवर हात ठेवून प्रतिज्ञा सुरू केली, आणि ‘एक राष्ट्र’ म्हटल्यावर टेबलावरच्या डाव्या हाताचं बोट आपोआप दोनदा वाजलं. वर्ग थांबला. मग सगळे पुढे गेले. त्या दिवसापासून ते रोजचंच झालं. दिवसभरात तेवढे दोन क्षण बाईंना बरं वाटायचं. खरं तर तेवढेच.

चोपन्नच्या उन्हाळ्यात वॉशिंग्टनमध्ये कायदा झाला आणि प्रतिज्ञेत दोन शब्दांची भर पडली: ‘देवाच्या छत्राखाली’. जागा कुठली, तर ‘एक राष्ट्र’ आणि ‘अविभाज्य’ यांच्या बरोबर मधली. सप्टेंबरात शाळा उघडली तशी बाईंनी नवी प्रतिज्ञा आपल्या वळणदार अक्षरात फळ्यावर लिहिली, मुलांकडून दोनदा वाचून घेतली. मनात काहीच वावगं नव्हतं. पण दुसऱ्या दिवशी म्हणायची वेळ आली आणि त्या जागी त्यांची जीभच उचलेना. बोट मात्र वाजलं. मागच्या बाकांवरून एकदोघांनी नवे शब्द म्हटले, बाकीचे बाईंकडे बघत गप्प राहिले. आठवडाभरात ते एकदोघंही गप्प झाले. उद्या म्हणू, असं बाई रोज घरी जाताना ठरवायच्या.

अकरा नोव्हेंबरला शाळेच्या व्यायामशाळेत सैनिकांचा दिवस साजरा झाला. गणवेश घालून आलेले लोक, त्यांच्या बायका, पाद्री, झाडून सगळं गाव जमलेलं. प्रतिज्ञेचा मान तिसरीला होता. मंचावर तेवीस मुलं छातीवर हात ठेवून उभी राहिली, खणखणीत आवाजात ‘एक राष्ट्र’ म्हणाली आणि एकदम गप्प झाली. खालचं सगळं गाव ‘देवाच्या छत्राखाली’ म्हणत असताना वर तेवीस तोंडं मिटलेली. बाईंनी त्यांना तसं करायला सांगितलं नव्हतं. पण ते कोणाला पटणार होतं?

त्या रविवारी चर्चच्या जेवणात बाईंचा सफरचंदाचा केक न कापताच परत आला. आदल्या दिवशी किराणावाल्याने सुटे पैसे देताना सहज विचारावं तसं विचारलं होतं, मॉस्कोहून काही पत्रबित्र येतं का म्हणून.

रविवारीच संध्याकाळी आर्विड कोल्टरमन घरी आले. शाळामंडळाचे अध्यक्ष, बाईंचे बालपणचे वर्गमित्र. त्यांचा मुलगा कोरियाहून पायाची तीन बोटं गमावून का होईना, परत आला होता. त्यामुळे या घरात त्यांना मान वर करून बसता येत नसे. त्यांनी खिशातून एक सेंटचं नाणं काढून टेबलावर ठेवलं.

“यावर कधीपासून लिहिलंय, आमचा देवावर भरवसा आहे म्हणून. तुला कधी खटकलं नाही. मग आताच काय झालं?”

बाई उठल्या, कपाटातून तसंच एक काळवंडलेलं नाणं आणून त्याच्या शेजारी ठेवलं. “लाइलच्या खिशात होतं. सैन्याने त्याच्या सामानात परत पाठवलं. मी रोज वाचते, आर्विड. माझा भरवसा आहेच.”

“मग म्हण की. दोन शब्द तर आहेत.”

“त्या जागी आम्ही लाइलसाठी थांबतो,” बाई म्हणाल्या, आणि टकटकीची सगळी हकिगत त्यांनी पहिल्यांदाच कोणाला तरी सांगितली.

कोल्टरमननी दोन्ही नाणी बोटाने जवळजवळ सरकवली. “मला कळतंय गं,” ते म्हणाले. “पण हॉफस्टेटरने आपल्या पोरीला, तुझ्या वर्गातल्या डोरीनला, पट्ट्याने मारलं. ती नुसती एवढंच म्हणत होती, बाई थांबतात म्हणून आम्ही थांबतो.”

डोरीनला किती लागलंय, एवढंच बाईंनी विचारलं. मंडळाने काय ठरवलंय, नाताळला नोकरी जाणार का, हे त्यांनी विचारलंही नाही. जाताना कोल्टरमन आपलं नाणं विसरले. कुठलं कोणाचं, हे बाईंना बरोबर ठाऊक होतं.

सोमवारी सकाळी कोल्टरमन वर्गाच्या दारात टोपी हातात धरून उभे होते. बाईंनी उजवा हात छातीवर ठेवला आणि डाव्याची मूठ घट्ट आवळली. ‘एक राष्ट्र’ म्हटलं, आणि न थांबता, स्पष्ट आवाजात, ‘देवाच्या छत्राखाली’. टकटकीची वाट बघणारी मुलं क्षणभर गोंधळली, मग घाईघाईने मागोमाग आली. प्रतिज्ञा संपली. कोल्टरमन बाईंकडे न बघता निघून गेले.

पहिल्या बाकावरून डोरीनने हात वर केला. तिच्या पोटरीवरचे वळ अजून निळे होते.

“बाई, आता मध्ये थांबायचं नाही?”

“नाही गं,” बाई म्हणाल्या. “मागे कोणी राहिलेलं नाही आता.”

मग त्यांनी खडू घेतला आणि फळ्यावर तारीख लिहिली.