सजावटबाईंचा पहिला बाक

आमच्या शाळेत तपासणीला कोणी आलं, की हेडसर त्यांना थेट सजावटबाईंच्या वर्गात नेत. वाटेत माझा वर्ग लागे. त्याच्यासमोरून जाताना ते पाहुण्यांना नेमकं मैदान दाखवायला लागत. माझ्या भिंती कोऱ्या होत्या, त्या काही तत्त्वापायी नव्हे. स्टुलावर चढून खिळे ठोकायचा मला कंटाळा, एवढंच.

बाईंच्या वर्गात मात्र बोट टेकवायला जागा नव्हती. बाराखडी, पाढे, प्राणी, पक्षी, ग्रह, हाडांचा सांगाडा, चांगल्या सवयी, वाईट सवयी. छतावरून दोऱ्यांना लोंबणारे मासे आणि तारे. भिंती संपल्या तेव्हा बाईंनी खिडक्या घेतल्या. काचांवर रंगीत कागद चिकटवले आणि मुलांची तोंडं निळी-तांबडी दिसायला लागली. उजेड पुरेना, म्हणून हेडसरांनी फळ्यासमोर ट्यूबलाइट बसवून दिल्या. पाठोपाठ फळाही नवा आला, पांढरा, गुळगुळीत, तोंड दिसेल असा. खडूची धूळ गेली म्हणून आम्ही सगळेच खूश झालो.

"बाई, हा वर्ग आहे की जत्रा?" मी विचारायचो.

"आमच्या लहानपणी वर्गात मास्तरांच्या छडीशिवाय बघायला काही नव्हतं," बाई म्हणायच्या. "माझ्या मुलांना तरी काही बघायला असू दे."

ही बाई सुट्टीच्या दिवशी गुडघ्यावर बसून पुठ्ठे कापायची. बोटांना कायम डिंक. लग्न केलं नाही. धाकटी बहीण गेली, तिची मुलगी मागे राहिली, ती यांनी पदरात घेतली. एका जागी ठरत नाही म्हणून तिला सगळे भिंगरी म्हणत. शाळेत यायच्या आधीच ती दुकानांच्या पाट्या मोठमोठ्याने वाचत मावशीच्या बोटाला धरून चालायची. मला बघितलं की विचारायची, "सर, तुमच्या वर्गात काहीच कसं नाही? चोर आले होते का?"

भिंगरी बाईंच्याच वर्गात आली. बाईंनी तिला पहिल्या बाकावर, फळ्याच्या अगदी समोर, स्वतःच्या नजरेखाली बसवलं. दुसऱ्याच्या मुलाकडे एक वेळ कानाडोळा होईल, पण बहिणीच्या लेकराला त्यांना डोळ्यात तेल घालून जपायचं होतं.

आणि तिथूनच सगळं बिघडत गेलं. भिंगरी फळ्यावरच्या ओळीतलं पहिलं लिहायची, शेवटचं लिहायची आणि मधलं गाळायची. बेरजेत मधले आकडे सोडायची. दुपारी डोकं दुखतं म्हणायची. एकदा ती म्हणाली, "मावशी, मधलं दिसत नाही." वर्गात मावशी म्हणायचं नाही हा नियम होता, त्यामुळे आधी त्याबद्दल बोलणी खाल्ली.

तरी बाईंनी तिला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. तिथे तिने तक्त्यावरची सगळ्यात बारीक ओळ धडाधडा म्हणून दाखवली. डोळे उत्तम! डोळे चांगले असूनही दिसत नाही म्हणते, म्हणजे मुलगी खोटं बोलते, असा बाईंनी अर्थ लावला. त्यांच्या जागी मी असतो तरी तोच लावला असता.

मग त्यांनी जिवाचं रान केलं. भिंगरीचं जे चुकेल त्याचा नवा तक्ता भिंतीवर. बेरीज चुकली, बेरजेचा तक्ता. जोडाक्षर चुकलं, जोडाक्षरांचा. जुन्यावर नवा, नव्यावर आणखी. भिंगरी मान वर करायची, त्या गर्दीत क्षणभर काहीतरी शोधायची आणि पुन्हा मान खाली घालायची. घरी अभ्यासाला बसलं की बाई आधी वर्गात काय झालं ते विचारत. ते तिला सांगता येत नसे. मग आधी हिचं रडणं, मग मावशीचं.

"पालथ्या घड्यावर पाणी ओतताय बाई," हेडसर म्हणाले. त्यांनी भिंगरीची बुद्धी तपासायला एक तज्ज्ञ बाई बोलावल्या. सजवलेला वर्ग म्हणून परीक्षा तिथेच, त्याच बाकावर, त्याच दिव्याखाली. भिंगरी तोवर बोलायचीच बंद झाली होती. तिने एकाही प्रश्नाला तोंड उघडलं नाही. तज्ज्ञ बाईंनी मंदगती मुलांच्या शाळेचं नाव सांगितलं. ती शाळा लांब होती, मुलांना तिथेच राहावं लागे. सजावटबाईंनी तिचे कपडे भरले, आणि भांडायचं सोडून त्या सगळ्यांचे आभार मानून आल्या. मला इतका राग आला होता, पण कोणावर काढावा ते कळेना.

दोन वर्षांनी शाळेच्या भिंतींना ओल आली. रंगारी आले. बाईंचे सगळे तक्ते काढून कोठीच्या खोलीत टाकले, खिडक्यांचे कागद खरवडले आणि रंग वाळेपर्यंत वर्ग मोकळाच राहिला. तीन-चार दिवसांनी मधल्या सुट्टीत बाई माझ्याकडे आल्या.

"मुलं माझ्याकडे बघतात हो," त्या म्हणाल्या. "मी बोलते तेव्हा माझ्याकडेच बघतात. इतकी वर्षं मला वाटायचं, पोरंच चंचल."

मी हसलो. "माझ्याकडे पहिल्यापासून बघतात. त्यांना दुसरं आहे काय बघायला?"

त्याही हसल्या. ते त्यांचं शेवटचं हसणं.

पुढच्या आठवड्यात एक दिवस आभाळ आलं म्हणून ट्यूबलाइट लावल्या. पहिल्या बाकावरच्या मुलाच्या बुटाची नाडी सुटली होती. बाई नाडी बांधायला त्याच्या शेजारी बाकावर टेकल्या आणि सहज मान वर केली. फळ्याच्या मधोमध ट्यूबलाइटची नुसती पांढरी चकाकी. त्यांनीच लिहिलेल्या ओळीचं पहिलं आणि शेवटचं तेवढं दिसत होतं. उभ्याने शिकवणाऱ्या माणसाला ते कधी दिसलंच नव्हतं.

मला त्यांच्या वर्गातून मुलांचा गलका ऐकू आला म्हणून मी धावलो. बाई बाकावर बसून होत्या. "इथे बसा," त्या मला म्हणाल्या. मी बसलो, बघितलं.

त्याच आठवड्यात त्या भिंगरीला घेऊन आल्या. शनिवारी शाळा सुटल्यावर तिला वर्गात आणलं. "तुम्ही थांबा," मला म्हणाल्या, "तुम्हाला बघून ती हसायची." पोरगी उंच झाली होती. मला तिने नीट नमस्कार केला. चोरांबद्दल काही विचारलं नाही.

बाईंनी दिवे बंद केले, खिडक्या सताड उघडल्या, तिला मधल्या बाकावर बसवलं आणि फळ्यावर मोठ्या अक्षरात एक सोपं वाक्य लिहिलं. शाळेत यायच्या आधी ती याहून अवघड पाट्या वाचायची.

"भिंगरी, चूक माझी होती," बाई म्हणाल्या. "तुला दिसत नव्हतं, ते खरं होतं. तू खोटं नव्हतीस बोलत. फळा चमकत होता गं. आता बघ. दिसतंय का सगळं?"

"हो," ती म्हणाली.

"मधलंसुद्धा?"

"हो, सगळं दिसतंय."

"मग वाच ना, राजा."

भिंगरीने फळ्याकडे पाहिलं, मग मावशीकडे. बाईंच्या गालावरून पाणी वाहत होतं. पोरगी उठली, फळ्याजवळ गेली आणि मोठ्या माणसाने लहानाला समजवावं तसा तिने मावशीचा हात हातात घेतला.

"रडू नकोस मावशी," ती म्हणाली. "तू किती शिकवलंस मला. पण मी मठ्ठ आहे ना, मला नाही येत वाचायला. तिकडच्या बाई म्हणतात, त्यात वाईट वाटून घ्यायचं नसतं."