फळीवरचं नाव

हेमचंद्र मूळचा मालवणचा. मासे खाऊन वाढलेला, पण स्वतः मासा म्हणून कधी पकडला नव्हता. विस्कॉन्सिनमध्ये विनेबागो तळ्याकाठच्या एका पेपरमिलमध्ये तो इंजिनियर होता. तिथला म्हातारा फोरमन एल्मर एका फेब्रुवारीत त्याला गोठलेल्या तळ्यावर घेऊन गेला आणि हा गडी कायमचा नादावला.

तिथली रीतच तशी. बर्फावर शँटी, म्हणजे लाकडी खोपटं, ओढत न्यायचं, आत टेबलाएवढं भोक पाडायचं, दार लावून अंधारात हिरव्या पाण्याकडे टक लावून बसायचं. खालून स्टर्जन, म्हणजे माणसाएवढा लांब मासा, गेला की भाला सोडायचा. काहींना वीस-वीस वर्षं शेपूटही दिसत नाही. एल्मरच्या घराण्यात चार पिढ्या हे चाललेलं. त्याच्या शँटीत एक फळी होती. पहिला मासा मारला की त्यावर नाव रंगवायचं. आजोबा, वडील, बहीण डोरिससुद्धा. नाव लागलं की माणूस घरचा झाला.

हेमचंद्र नऊ वर्षं बसला. नाव नाही. एल्मरचा जावई, बर्फावर धड उभंही राहता न येणारा, दुसऱ्याच वर्षी फळीवर गेला. हेमचंद्रने त्याला मिठीबिठी मारली आणि घरी येऊन जेवला नाही. पोटात दुखत होतं, दुसरं काय! दर उन्हाळ्यात तो जावई दिसला की याचं तोंड आंबट.

२००५च्या ऑक्टोबरात बायको नीलांबरी म्हणाली, "वर्षभर हेच ऐकते यार. एकदा मीही येते." ती पुण्याची. लग्नानंतर मासे शिजवायला शिकली, खायला नाही. एल्मरचा नियम कडक होता: शँटीत बघे नकोत, बसेल त्याच्याकडे लायसन्स हवं. ते ऑक्टोबर संपायच्या आत काढावं लागतं, मग हेमचंद्रनेच तिचं काढलं. त्याबरोबर ज्याच्या-त्याच्या नावाचा टॅग मिळतो. मासा मारणाऱ्याने तो तिथल्या तिथे माशाला बांधायचा.

फेब्रुवारीत मोसमाच्या पहिल्याच सकाळी एल्मरने शँटी दोघांवर सोडली होती. चाळीस मिनिटं झाली असतील, हेमचंद्र भोकाकडे पाठ करून थर्मासातला चहा ओतत होता. मागे धप्प झालं. वळून बघतो तर बाईसाहेबांनी भाला सोडलेला आणि दोर हातातून सळसळत चाललेला. दोघांनी मिळून ओढला. साडेपाच फुटी मासा, ओंडक्यासारखा.

त्याला खरंतर आनंद व्हायला हवा होता. त्याचा तिळपापड झाला.

"नीलू, तुला काय फरक पडतो? टॅग माझा लावूया का?"

"मारला मी."

"हो गं, पण मी नऊ वर्षं बसलोय."

तिने हेमचंद्रच्या जॅकेटच्या खिशातून त्याचा टॅग काढला, माशाला बांधला आणि सांडून उरलेला चहा पिऊन टाकला.

माशांची नोंद करायच्या बारमध्ये टाळ्या पडल्या. एल्मरचे डोळे भरून आले. "आता तू आमचा," म्हणत त्याने हेमचंद्रला कवटाळलं. सगळे विचारू लागले, कसा आला, कुठून आला? हेमचंद्रने थापा मारल्या. नीलांबरी शेजारी बसून मन लावून ऐकत होती. एल्मरने त्याच दुपारी फळीवर नाव रंगवलं.

परतताना गाडीत त्याला राहवलं नाही. "खरंच कसा दिसला गं, वरून?"

"मी काय सांगू?" ती म्हणाली. "तूच मारलायस ना."

ते एकच त्याला नंतर खात राहिलं. नाव मिळालं होतं, पण हिरव्या पाण्यात तो मासा सरकत येताना तिने पाहिला होता, त्याने नाही. ती पोळ्या लाटत असायची आणि तो मनातल्या मनात तिच्यावर जळत असायचा.

पुढच्या ऑक्टोबरात ती न विचारता एकटीच जाऊन लायसन्स घेऊन आली. फेब्रुवारीत भोकाच्या पलीकडे स्वतःचा भाला घेऊन बसली.

"यंदा टॅग माझाच हं," ती म्हणाली.

हेमचंद्र पाण्याकडे बघत राहिला. दहा वर्षांत पहिल्यांदाच तो माशाला मनापासून म्हणत होता, येऊ नकोस बाबा, येऊ नकोस.