खोट आधी सांगणारा

मुकुंदवाडीत कॉम्प्युटर दुरुस्त करणारा तो माणूस गिऱ्हाइकाला वस्तूची खोट आधी सांगायचा. दुष्काळाचं साल होतं, तरी शेंद्र्याला नवे कारखाने उभे राहत होते. वाळूजच्या कारखान्यातली नोकरी सोडून मी घरीच कॉम्प्युटरवर या नव्या कारखान्यांसाठी डिझाइनची कामं धरली होती. महागडं ग्राफिक्स कार्ड घ्यावं का, हे त्यालाच विचारलं.

"लई तापतं. आवाजबी करतं."

"मग नको घेऊ?"

"तसं नाय म्हणलो. तुमचं काम दावा आधी."

माझं सगळ्यात जड ड्रॉइंग त्यानं दुकानातल्या कार्डावर दिवसभर चालवलं. टेबलावरचा एकुलता एक पंखा मशीनकडं वळवून स्वतः घामानं निथळत बसला. संध्याकाळी म्हणाला, "एकदाबी अडकलं नाय. घ्या बिनघोर."

मी घेतलं. त्या कार्डावर पुढची चार वर्षं पोट भरलं.