खालची खोली

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — आणि तिच्यापासून तर माझी चुकवलेली बीपीची गोळीसुद्धा लपत नाही.

नांदेडच्या एका कॉलेजात मी इतिहास शिकवायचो. तळमजल्यावर ऑफिस सोडलं तर एकच खोली, आणि ती सेवाज्येष्ठतेनं मला मिळालेली. बाहेर कडुलिंब, खिडकीला कूलर. वरच्या मजल्यावर उमेदीची सगळी वर्षं भाजून निघालो होतो मी. आमच्याकडचा उन्हाळा ठाऊक आहे ना तुम्हाला?

रेणुका अर्धापूरची. पायांत लहानपणापासून बळ नाही, आणि वर्ग दुसऱ्या मजल्यावर. वडील केळीच्या बागेतलं काम टाकून तिला मोटारसायकलवर आणायचे, पाठीवर घेऊन जिना चढायचे. एकदा जिन्यात त्यांचा पाय घसरला. फार लागलं नाही, पण पोरगी घाबरली — वडिलांसाठी. तिनं मला विचारलं, वर्ग खाली आणायला कायद्यात काही आहे का?

आहे, आणि जुन्या इमारतींनाही आहे. मला माहीत होतं. अपंगांच्या हक्कांचं काम कॉलेजात माझ्याकडेच होतं. पण वर्ग खाली आणायचा म्हणजे कुठं — हेही मला माहीत होतं.

"तो कायदा नव्या इमारतींना आहे," मी म्हणालो. "आपली जुनी."

कँटीनला चहा सांगावा इतक्या सहज. वडील शेजारीच होते. म्हणाले, "सर म्हणत्यात म्हणल्यावर तसंच आसंल." दुसऱ्या दिवशी त्यांनी केळीची फणी आणून दिली — सरांनी नीट समजावून सांगितलं म्हणून. ती केळी मी त्याच खोलीत बसून खाल्ली. पुढं रेणुका यायची बंद झाली.

आता मी लातूरला असतो. याच कायद्यावर भाषणं देतो — हो, मीच. मागच्या महिन्यात एसटी स्टँडवर तिचे वडील दिसले. पुतण्याला शिकवणीला सोडायला आले होते. मी तोंड चुकवणार, तेवढ्यात त्यांनीच हाक मारली. पोरगी घरीच हाय, म्हणाले. मग त्यांनीच विचारलं —

"नवी बिल्डिंग झाली का, सर? तिनं पुस्तकं बांधून ठिवल्यात. इचारती अधूनमधून."

तेव्हा तरी सांगायचं होतं. नाही का? लाज वाटली, अगदी ओठाशी आलं — आणि मी म्हणालो, "अजून नाही झाली."

"बरं," ते म्हणाले. "सांगतो तिला."