भविष्यकाळाची मोजणी

रोह्याच्या शाळेत शिकवता शिकवता माझ्या मानगुटीवर पीएचडीचं भूत बसलं. विषय सांगितला की लोक हसत: तमिळ सिनेगीतांतल्या व्याकरणाचं संख्याशास्त्र. कोणता काळ किती वेळा येतो ते मोजायचं. तमिळ मी पुस्तकावरून शिकलो होतो; वाचता यायचं, पण गाणं कानाला उलगडत नसे. म्हणून मी राहायचो त्या वरसे गावातल्या एका शेजाऱ्यांना गळ घातली. ते तमिळ, धाटावच्या कंपनीत ऑपरेटर. सगळे त्यांना अण्णा म्हणत. शिफ्टवरून आले की गावाहून आणलेल्या कॅसेट लावून ते माझ्यासाठी गाणी लिहून ठेवत. मी जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजूवर एकेक क्रियापद उतरवत असे. नव्वदच्या दशकातली तीन वर्षं त्यात गेली.

निष्कर्ष मात्र झकास निघाला. भविष्यकाळ सगळ्यांत जास्त! पेणला तक्ते टाइप करून घेतले आणि मुंबईला गेलो. मार्गदर्शक बाई खूश. चार गाणी तेवढी मूळ टेपशी ताडून आणा, म्हणाल्या. परतीच्या एसटीत वडखळ येईपर्यंत मी मनातल्या मनात कॉलेजात रुजूही झालो होतो. शाळेतून सुटण्याची तेवढी एकच वाट होती.

अण्णांकडे कागद घेऊन बसलो. पहिल्याच गाण्यात मध्येच टेप घोगरी झाली, मग नुसती घरघर. कागदावर मात्र चार ओळी स्वच्छ.

"हे कुठून ऐकलंत?"

"ऐकू येतच नाय, सर. टेप कवाची खराब हाय. तुम्ही एवढ्या आशेने येता, कोरा कागद कसा देणार? मीच जोडलं."

"किती ठिकाणी?"

"लय ठिकाणी. आता आठवत नाय."

मला भयंकर राग आला. त्यांच्याच घरचा चहा हातात होता, म्हणून गिळला. दारात आलेला माणूस रिकाम्या हाताने जाऊ नये, एवढाच त्यांचा गुन्हा. एकदाही टेपशी न ताडणारा शहाणा मी.

उरलेली तीन गाणीही ऐकली. जिथे घरघर, तिथल्या ओळी वाचल्या. जाईन. घर बांधीन. आईला भेटेन. एकूणएक भविष्यकाळ. प्रेमगीतात आई कुठून आली, हे मला तीन वर्षांत खटकलं नव्हतं.

प्रबंध बुडाला, कॉलेजही. मी त्याच शाळेतून निवृत्त झालो. अण्णाही वरश्यातच राहिले, गावी गेले नाहीत. त्यांची आई आमचं काम सुरू होण्याआधीच वारली होती, हे मला फार उशिरा कळलं.