एका दिवसाचं कुलूप

मंडळी, घाईत लिहितेय, टायपिंगच्या चुका सांभाळून घ्या.

इंदिरानगरला भाड्याच्या गाळ्यात माझं ब्लाऊज शिवायचं दुकान आहे. करार अकरा महिन्यांचा. तो संपला की मालक एक दिवस स्वतःचं कुलूप लावतात, म्हणजे ताबा त्यांचाच आहे असं दिसतं. दुसऱ्या दिवशी नवा करार होतो आणि किल्ली परत मिळते. सामान आतच असतं. कोण काढत बसणार? मालकांना मी काकाच म्हणते.

आज सकाळी किल्ली आणायला गेले, तर काका म्हणाले, "समोर मॉल होतोय. यापुढे भाडं दुप्पट. जमत नसेल तर राहू द्या."

"अहो काका, उद्या लग्न असलेल्या मुलीचे ब्लाऊज आत आहेत!"

"माहितीये. म्हणून तर आज बोलतोय."

एवढ्यात काकूंनी नेहमीसारखा चहा आणून ठेवला.

मी सही केली. हे भाडं मला चार-सहा महिन्यांपलीकडे झेपणार नाही, हे काकांनाही ठाऊक आहे. गाळा तेव्हा आपोआपच रिकामा होईल.

इथल्या गाळेवाल्यांनो, आज कुणाकुणाची किल्ली मालकाकडे आहे? आणि आत काय ठेवून आलात?