माईकवरची आत्या

लाँड्रीतल्या बायका तिला 'कार्टून' म्हणायच्या आणि तिला त्यात काही वावगं वाटत नसे. चाळिशी ओलांडलेली बाई जेवणाच्या सुट्टीत डब्याला फोन टेकवून जपानी कार्टून बघते, डोळे पुसते, नाक ओढते आणि भोंगा झाला की पुन्हा हॉटेलांच्या चादरींच्या घड्या घालायला उभी राहते, तर तिला दुसरं काय म्हणणार? लग्नाच्या बाजारातही हेच आडवं आलं होतं. बघायला आलेल्या मुलाने आवडनिवड विचारली आणि हिने खरं सांगून टाकलं. मुलाची आई उठता उठता म्हणाली, "लहान आहे हो अजून तुमची मुलगी!" त्यानंतर बाबांनी स्थळं बघणं सोडलं, आणि खरं सांगायचं तर तिनेही सुटकेचा निःश्वास टाकला.

हे वेड लावलं होतं बाबांनीच. बाबा केबलवाले. चार गल्ल्यांत त्यांची केबल आणि जिन्याखालच्या खोलीत सगळा कारभार: दोन व्हीसीआर, एक कुरकुरणारा पंखा, वायरींचं जंजाळ आणि एक माईक. माईक फक्त 'दुरुस्तीसाठी केबल बंद राहील' हे सांगायला. एकदा जुन्या व्हीसीआरबरोबर खोकाभर कॅसेटी फुकट आल्या. लावून बघितल्या तर जपानी कार्टून. भाषेचा गंध नाही, पण चित्रं अशी की सात वर्षांची पोर आ वासून बघतच राहिली. मोठ्या डोळ्यांची एक मुलगी, उडणारं जहाज, आणि वारा सुटला की खरोखर हलणारं गवत. कार्टूनमध्ये इतक्या निगुतीने कुणी गवत काढतं, हे तिला माहीतच नव्हतं.

रविवारी सकाळी बाबांनी ते चारही गल्ल्यांना दाखवलं आणि लगेच फोन खणखणले. "अहो, काही कळेल असं लावा की!" बाबा असे हटणारे नव्हते. पुढच्या रविवारी त्यांनी कॅसेटचा आवाज बारीक केला, माईक हातात घेतला आणि स्वतःच गोष्ट सांगायला लागले. उचलली जीभ, लावली टाळ्याला. कॅसेटींवरची अक्षरं वाचता येत नव्हती, त्यामुळे कुठला भाग आधीचा आणि कुठला नंतरचा याचा पत्ता नाही. मागच्या रविवारी मेलेला दाढीवाला या रविवारी ठणठणीत होऊन घोड्यावरून आला. बाबा क्षणभर अडखळले आणि म्हणाले, "मंडळी, हा त्याचा जुळा भाऊ!" दुष्ट माणसाला त्यांनी 'टकलूशेठ' करून टाकलं, कारण समोरच्या इमारतीतल्या टकलूशेठशी गच्चीवरच्या वायरीवरून त्यांचं भांडण चालू होतं. खऱ्या टकलूशेठने तावातावाने केबल काढून टाकली आणि रविवारी शेजाऱ्याकडे जाऊन बघायला लागला.

त्या मुलीबरोबर कायम एक उंच, आखूड केसांची बाई असे. जहाज तीच चालवी. तिला बाबा आत्या म्हणत. "आता आत्या रागावली." "बघा, आत्याने जहाज वळवलं!" पोर शेजारच्या स्टुलावर बसून पाय हलवत ऐके. तिची स्वतःची आई त्याच वर्षी गेली होती. घरात त्याबद्दल अवाक्षर निघत नसे. बाबांनी आईचा फोटोसुद्धा कपाटात ठेवून दिला होता. रविवारी सकाळी ते तासभर बोलत आणि उरलेला आठवडा गप्प असत.

पुढे मोठ्या कंपन्या आल्या, बाबांच्या वायरी निघाल्या आणि बाबा एका गोदामावर राखणदार झाले. गोष्ट बंद पडली. पोरीचं वेड मात्र वाढतच गेलं. आधी सीड्या, मग फोन, जे हाताला लागेल ते तिने पाहिलं. पाय ओढत घरी यायचं, स्वयंपाक उरकायचा आणि दूर कुठे तरी कुणी तरी रंगवलेल्या आभाळाकडे बघत पडायचं. शीण उतरे असं नाही. पण ज्याने ते आभाळ रंगवलं तोही असाच मान मोडून घरी जात असेल, असं वाटून बरं वाटे.

पंचविशीत तिला ती जुनी मालिका सापडली, ओळीने सगळे भाग आणि खाली अर्थ लिहिलेला. जुळा भाऊ नव्हताच. टकलूशेठ शेवटी भला माणूस निघाला. आणि आखूड केसांची बाई आत्या नव्हती. पहिल्याच भागात ती मुलगी तिला आई म्हणून हाक मारते. बाबांना भाषा येत नव्हती, चुकलं असेल, अशी तिने मनाची समजूत घातली. विचारायचं मात्र राहिलं. आज विचारू, उद्या विचारू, एवढं दमून आल्यावर काय विचारायचं, असं करता करता वर्षं निघून गेली.

मग बाबांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात गेला आणि वाचाही गेली.

स्पीच थेरपीवाल्या मॅडमनी स्पष्टच सांगितलं, "सुरुवातीच्या महिन्यांत जे येईल ते येईल. नंतर अवघड होत जातं. रोज वस्तू दाखवून विचारत राहा." दिवसभर चादरी आणि घरी आल्यावर पेला, किल्ली, कंगवा. "बाबा, हे काय?" बाबा ओठ हलवत, कपाळावर घाम येई आणि तोंडातून निघे नुसती हवा. मग ते भिंतीकडे तोंड फिरवत. एकदा तीही वैतागून ओरडली, "अहो, प्रयत्न तरी करा ना!" करत होतेच ते. महिने सरत चालले होते. बाबा आता कधीच बोलणार नाहीत ही भीती घेऊन ती झोपे आणि तीच घेऊन उठे.

एका सुट्टीच्या दिवशी तिच्यात पेला उचलायचंही त्राण उरलं नाही. तिने बाबांच्या शेजारी अंग टाकलं, उशीला फोन टेकवला आणि ती जुनी मालिका लावली. बाबांसाठी नव्हे, स्वतःसाठीच. बाबा डोळे बारीक करून बघायला लागले. टकलूशेठ आला तेव्हा त्यांच्या तोंडाची एक बाजू हसली. मग सुकाणूपाशी ती उंच बाई आली. हाताला लागलेल्या सवयीने तिने चित्र थांबवलं आणि काही आशा न ठेवता विचारलं, "बाबा, ही कोण?"

बाबांचे ओठ हलले. गळ्याची शीर ताठ झाली.

"आई."

जड, ओबडधोबड, पण शब्द होता. ती धडपडत उठून बसली. "काय म्हणालात? आत्या ना? तुम्ही आत्या म्हणायचात हिला."

बाबांनी मान हलवली. नाही. "आई."

म्हणजे त्यांना तेव्हाही कळलं होतं. ती बाई त्या मुलीच्या अंगावर पांघरूण घालते, तिचे केस मागे सारते, हे कळायला भाषा कशाला लागते? शेजारी स्टुलावर बसलेल्या पोरीसमोर त्यांना तो शब्द उच्चारवला नव्हता. तिला भडभडून आलं. इतकी वर्षं आपण विचारलं नाही याचा संतापही आला, आणि साठलेलं सगळं एकदम तोंडाशी आलं.

"बाबा, आईचा आवाज कसा होता?"

"आई."

"माझ्याबद्दल काही म्हणाली होती का हो ती, शेवटी?"

बाबांना प्रश्न कळला होता. त्यांनी डाव्या हाताने तिचं मनगट घट्ट धरलं, सगळा जीव एकवटून तोंड उघडलं. "आई," ते म्हणाले, आणि त्यांचे डोळे भरून आले. दुसरा शब्द त्यांच्याकडे नव्हता.

तिने पदराने त्यांचा घाम टिपला आणि पुढचा प्रश्न विचारला.